न्हाव्याची सोबतीण

फखरी न्हाव्याच्या दुकानात त्या काळी पुरुषांची फार पंचाईत व्हायची. पोटभर बोलायला आणि दुसऱ्याच्या घरातली भांडणं उकरायला न्हाव्याच्या दुकानासारखी जागा नाही, हे नाईलच्या दोन्ही काठांवर सर्वांना मान्य आहे. पण इथे दाराशीच, खजुरीच्या काड्यांच्या खोक्यावर, काळ्या कपड्यातली एक म्हातारी बसलेली असायची. मांडीवर परात, परातीत मसूर, आणि खडे निवडणारी बोटं. ती कोणाकडे बघायची नाही. तरी ओठांवर आलेली शिवी साबणाच्या फेसासकट गिळावी लागायची. हबीब सुतार एकदा अर्ध्या दाढीवर असताना भान विसरला आणि आपल्या मेव्हणीची गोष्ट रंगवायला लागला. म्हातारीने मान वर न करता म्हटलं, "तुझ्या आईला सांगेन." हबीबची आई जाऊन जमाना झाला होता, तरी तो उरलेली अर्धी दाढी होईपर्यंत गप्प बसला.

म्हातारीचं नाव एस्तीर. गाव तिला उम्म वनीस म्हणायचं, म्हणजे वनीसची आई. आणि ज्या न्हाव्याच्या दाराशी ती राखण करत बसायची, त्याच न्हाव्याच्या हातून तिचा वनीस गेला होता. हे कळल्यावर एक परगावचं गिऱ्हाईक गालाला फेस तसाच ठेवून निघून गेलं होतं. बिचाऱ्याला आमच्या गावाची सवय नव्हती.

झालं होतं ते कुंभाराच्या घरच्या लग्नात. नवरदेवाची दाढी फखरीने केली होती, आणि त्या दिवशी न्हाव्याला आमच्याकडे राजासारखं वागवतात. फखरीला तेवढं पुरलं नाही. फखरी असा माणूस, की मयतीला गेला तरी लोकांनी आपल्याकडेच बघावं असं त्याला वाटे. त्याने कोणाची तरी बंदूक मागून घेतली आणि आनंदाचे बार काढायला लागला. दोन आभाळात गेले. तिसऱ्याच्या वेळी, बायकांपैकी कोण कोण बघतंय हे पाहायला त्याने गच्चीकडे मान वळवली, आणि नळी खाली आली. वनीस काठीच्या नाचात होता. बघणाऱ्यांना आधी वाटलं, नाचता नाचता पाय घसरला.

एस्तीर त्याच गच्चीवर होती. इतर बायकांबरोबर जीभ हलवून आनंदाचा सूर काढत होती. खाली काय झालं ते तिला सर्वांत शेवटी कळलं, कारण सर्वांत मोठा आवाज तिचाच होता.

सरकारने फखरीला काही काळ तुरुंगात ठेवलं आणि सोडलं. गावाने सोडलं नाही. एस्तीर विधवा, दुसरं मूल नाही. रक्ताचा हक्क थोरल्या दिराकडे, घत्तासकडे गेला. घत्तासकडे एक मालवाहू गाडी होती, दोन म्हशी होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी एक ओटा होता. त्या ओट्यावर बंदूक मांडीवर घेऊन तो बसला आणि म्हणाला, "रक्त घेतल्याशिवाय वनीसचं सांत्वन आम्ही स्वीकारणार नाही."

म्हणजे दारात खुर्च्या मांडल्या नाहीत. कडू कॉफी झाली नाही. शेजारणींनी एस्तीरच्या गळ्यात पडून रडायचं नाही, तिने कोणाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं नाही, कोणाच्या बारशाला नाही, मयतीला नाही, चर्चलाही जायचं नाही. माणूस मेलेला, आणि त्याला मेला म्हणायची बंदी. एस्तीरला खाली दोन खोल्या आणि वर गच्ची, एवढंच जग उरलं. घत्तास येता-जाता दाराची कडी हलवून बघायचा, ती आत आहे ना.

फखरीचीही तीच गत. जुन्या रीतीला थोडी लाज असते: माणसाला त्याच्या घरात शिरून मारणं हे नामर्दाचं काम, आणि सोबत बाई असताना त्याच्यावर बंदूक रोखणं त्याहून हलकं. त्यामुळे उंबऱ्याच्या आत फखरीला कोणी हात लावणार नव्हतं. बाईची सोबत मिळाली असती तर बाहेरही पडता आलं असतं. पण आई वारलेली, आणि बायकोने पोरं घेऊन माहेर गाठलेलं. "मी न्हाव्याशी लग्न केलं होतं, पिंजऱ्यातल्या पोपटाशी नाही. रक्त मिटलं की बोलवा," असं ती भर गल्लीत सांगून गेली, आणि गावाने ते वाक्य पाठ करून ठेवलं. आपली बायको फखरीला सोबतीसाठी देईल असा पुरुष गावात नव्हता. फखरीची नजर सगळ्यांना ठाऊक होती.

दोघांची घरं पाठीला पाठ लावून. मध्ये गच्चीवर कमरेएवढी मातीची भिंत.

आमची भाकरी उन्हात फुगते. कणीक मातीच्या गोल तबकांवर थापून गच्चीवर ठेवायची, ऊन खाऊन ती वर आली की भट्टीत घालायची. एका दुपारी एस्तीर वर गेली तर भिंतीजवळचं एक तबक रिकामं. कावळा असता तर चोच मारून कणीक विस्कटली असती. हे तबक बोटाने पुसून घेतलेलं होतं.

माणूस कच्ची कणीक कधी खातो, हे एस्तीरला कोणी सांगायला नको होतं. फखरीचा एक चुलतभाऊ काही दिवस डाळ-तांदूळ टाकून जायचा, तो यायचा बंद झाला होता. एस्तीरला काय वाटलं असेल? दया वगैरे काही नाही, कुमारी मरियेची शपथ. तिला आनंद झाला. रात्रभर पलीकडून कण्हण्याचा आवाज आला, कच्ची कणीक पोटात गेल्यावर तिथेही फुगतेच, आणि एस्तीर अंथरुणात तोंडावर ओढणीचा पदर धरून हसली. वनीस गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. सकाळी तिने सगळी तबकं भिंतीपासून लांब, भट्टीच्या बाजूला मांडली.

पण त्या हसण्याने तिचं बिनसलं. रोजची प्रार्थना म्हणताना ती अपराध्यांना क्षमा करण्याची ओळ गाळायची. वर्षभर गाळली होती. देवाच्या लक्षात आलं नसेल असं तिने धरून ठेवलं होतं. आता त्या ओळीपाशी आली की पलीकडचा खोकला ऐकू यायचा. शेवटी एका दुपारी, गाव झोपलेलं असताना, तिने एक भाजलेली भाकरी आणि अर्धा कांदा भिंतीवर ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटली, "निदान कणीक तरी वाया जाणार नाही."

भाकरी गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, पुन्हा गेली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला.

"मीठ कमी आहे."

एस्तीर जागच्या जागी थिजली. त्या आवाजाचा माणूस तिने कुंभाराच्या घरच्या त्या लग्नानंतर पाहिला नव्हता.

"काल करपली होती," आवाज म्हणाला. "आणि काकवी नसते का तुमच्याकडे? उपासालासुद्धा चालते ती."

"तुझ्या जिभेवर आहे ते मीठ आधी संपव," एस्तीर म्हणाली आणि खाली गेली. पण उद्या आली.

असा त्यांचा संसार सुरू झाला, असं शेजारची शफीका पुढे गावभर सांगत फिरली. शफीकाच्या तोंडाला दार नाही, नुसती चौकट आहे. पण ते पुढे.

एका दुपारी फखरी पलीकडे भाकरी खात होता. चघळण्याचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाला, "एक सांगू, उम्म वनीस? पोराने तिथे उभं राहायला नको होतं. मी बार काढत होतो, दिसत नव्हतं का त्याला?"

एस्तीरने हात लांबवून भिंतीवरची उरलेली भाकरी उचलली आणि खाली आली. खोलीत भिंतीला क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र होतं, तिच्या सासूच्या वेळचं, धुराने काळवंडलेलं. ती त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "माफी मागणं राहिलं बाजूला, माझ्याच पोराचा दोष काढतोय. आणि मी त्याला कांदा देते."

चित्रात खाली शिपाई बसले होते, कपड्यांसाठी फासे टाकत. एस्तीरने ते चित्र हजारदा पुसलं होतं, पण शिपायांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. एक जण तर चक्क हसत होता. वर ह्याचा जीव चाललेला, आणि हा त्यांच्यासाठी बापाकडे रदबदली करत होता. त्यांनीही माफी मागितली नव्हती. मागण्यासारखं काही झालंय हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुझं बरं आहे," एस्तीर म्हणाली. "तू देव आहेस. मला गुडघेदुखी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने भाकरी ठेवली नाही. तिसऱ्या दिवशी ठेवली. मीठ मुठीने घातलं होतं, त्याला सूड म्हणायचं तर म्हणा. फखरी खोकत खोकत सगळी खाऊन गेला.

मग शफीकाने पाहिलं. शफीकाचं घर एक मजला उंच, आणि ती ओले कपडे वाळेपर्यंत गच्चीवरच थांबणारी.

"बाई, तुझ्या पोराला खाल्लं त्याने, आणि तू त्याला भरवतेस?" ती एस्तीरच्या खिडकीशी येऊन म्हणाली. आत यायची बंदी होती ना.

"भुकेला होता."

"मग मरू दे की. घत्तासची गोळी तरी वाचेल."

"ऊन त्याच्या गच्चीवर पडत नाही का? पडतं ना? मग जा, वरच्याला विचार, त्या माणसावर कशाला ऊन खर्च करतोस म्हणून. त्याने बंद केलं की मी बंद करते."

शफीका वरच्याकडे गेली नाही. घत्तासकडे गेली.

घत्तास आला तो शांत होता, आणि एस्तीरला त्याच्या ओरडण्यापेक्षा त्याच्या शांतपणाची भीती जास्त. बंदूक दाराला टेकवून तो पाटावर बसला.

"भाकरी देतेस म्हणे."

"देते, भाऊजी."

"दे. बंद करू नकोस."

एस्तीरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"फक्त भिंतीवर ठेवू नकोस," घत्तास म्हणाला. "उद्या अलीकडे ठेव, भट्टीपाशी. भुकेला माणूस आहे, उडी टाकून येईल. आपल्या गच्चीवर पाय पडला की तो स्वतःच्या घरात नाही. मी सकाळपासून वर गच्चीवरच्या कबुतरखान्यामागे बसतो. माझ्या नसीमला सांगून बाहेरून कडी घालतो, म्हणजे तुझी ती शफीका मध्ये कडमडायला नको."

"भाऊजी, माझ्या भाकरीवर माणूस मारणार?"

"तुझ्या पोरासाठी मारणार. तुला नको असेल तर हे घर माझ्या भावाचं आहे, बाहेर रस्ता मोकळा आहे." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "मलाही ओट्यावरून उठायचंय गं. वर्ष झालं बसलोय."

सकाळी तो वर जाऊन बसला. त्याच्या थोरल्या पोराने, नसीमने, बाहेरून कडी घातली आणि तो उसाच्या शेतावर निघून गेला. एस्तीरने कणीक मळली. दुसरं करण्यासारखं काय होतं? ओरडून फखरीला सांगितलं असतं तर तो आत राहिला असता. पण आज नाही तर परवा भूक त्याला भिंतीवरून आणणारच, आणि घत्तासला घाई नव्हती. तबकं उन्हात मांडताना तिला कबुतरखान्यामागे सिगारेटचा वास येत होता. तिने भट्टी पेटवली, भाकऱ्या काढल्या, सगळ्या एका फडक्यात बांधल्या. मग भट्टीपाशी न ठेवता गाठोडं घेऊन सरळ भिंतीकडे गेली आणि भिंतीवर चढायला लागली.

ती तरुणपणीही सडपातळ नव्हती. एक पाय वर गेला, दुसरा काळ्या झग्यात अडकला, आणि उम्म वनीस घोड्यावर बसावी तशी भिंतीवर बसली.

"उम्म वनीस," कबुतरांमागून दबका आवाज आला. "खाली उतर."

"अडकलेय, भाऊजी," ती मोठ्याने म्हणाली. "हात देता का?"

एवढं मोठ्याने, की पलीकडे जिन्यात उभ्या असलेल्या फखरीला सगळं कळलं. घत्तास बंदूक घेऊन धावत आला, तोवर ती पलीकडे गाठोड्यासकट पडली होती. घत्तासला भिंत ओलांडता येईना, कारण पलीकडची गच्ची म्हणजे फखरीचं घर. खाली जाऊन गल्लीत येता येईना, कारण दाराला बाहेरून कडी, आणि नसीम उसात. कबुतरखान्याला लाथ बसली ती बिचाऱ्या कबुतरांची काही चूक नसताना.

फखरी जिन्यात भिंतीला चिकटून उभा होता. छातीपर्यंत दाढी, डोळे खोल गेलेले. न्हाव्याला दाढी वाढलेली पाहणं म्हणजे शिंप्याला उघडं पाहण्यासारखं आहे. एस्तीरने त्याच्याकडे पाहिलं. किती दिवस तिने ह्याला नुसता आवाज समजून भाकरी दिली होती. आता हात दिसत होते.

"तुझा वस्तरा घे," ती म्हणाली.

"कशाला?"

"दुकान उघडायला. चल."

"तो मारेल मला."

"माझ्या उजवीकडून चाल. पुढे जायचं नाही, मागे राहायचं नाही. आणि तोंड बंद."

फखरीच्या दाराचा अडसर गंजला होता, दोघांनी मिळून ओढला. भर दुपारच्या उन्हात उम्म वनीस आपल्या पोराच्या मारेकऱ्याला बगलेत घेतल्यासारखी गल्लीतून निघाली. वरून घत्तासने नेम धरला. तिला माहीत होतं, कारण मानेवरचे केस उभे राहिले होते. पण ती वळली नाही. भावाच्या विधवेच्या खांद्यावरून गोळी झाडणारा घत्तास नव्हता, आणि हे तिच्याइतकं चांगलं तोही जाणून होता. खिडक्या उघडल्या. समोरून अबूना बीमन, आमचे धर्मगुरू, येत होते. शत्रूवर प्रीती करा, हे दर वर्षी ते फार सुंदर सांगतात. ती प्रीती गल्लीतून चालत येताना बघितल्यावर ते अंग चोरून भिंतीला लागले. दोघं पुढे गेल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, मागोमाग चालायला लागले, जरा अंतर ठेवून.

त्या दिवसापासून ती रोजची झाली. घत्तासने तिला घरातून काढलं नाही, गावासमोर तेवढी अब्रू त्याने राखली, पण त्याच्या घरच्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. सकाळी ती फखरीच्या उंबऱ्याशी जायची, त्याला दुकानात न्यायची, दिवसभर दारात बसायची, संध्याकाळी परत आणून सोडायची. ओट्यावरून घत्तास बघायचा. आधी ती दोन खोल्यांत कोंडलेली होती, आता एका खोक्यावर. दुखणं-खुपणं असो, गुडघे सुजलेले असोत, ती चुकली की तो दिवस फखरीचा शेवटचा. कोणाकडे जायचं तर आधी ह्याला घरी पोचवा. चर्चमध्येसुद्धा ती बायकांच्या बाजूला दाराशी उभी राहायची, पुरुषांच्या दारावर डोळा ठेवून. कोंबडीला पिल्लू बांधतात तशी बांधली गेली होती, आणि पिल्लू कसलं, तर हे.

फखरी काही संत झाला नाही. "आमचा शिपाई आला का?" असं गिऱ्हाइकांदेखत विचारायचा. भाकरीत मीठ कमी असल्याचं अर्ध्या गावाला सांगून झालं होतं. वनीसचं नाव त्याने काढलं नाही, एकदाही.

एकदा अबूना दाढीचे काठ नीट करून घ्यायला आले, आणि फखरी पाणी आणायला मागे गेला तसे हळूच म्हणाले, "मुली, मन हलकं झालं असेल ना आता?"

"नाही, अबूना."

"नाही?"

"तो वस्तऱ्याला धार लावतो ना, तेव्हा माझ्या मनात नको ते येतं. हात रिकामे राहू नयेत म्हणून मसूर आणते. घरी कोण खातंय एवढे मसूर?"

अबूनांनी परातीकडे पाहिलं. "मग का येतेस?"

"नाही आले तर तो मरेल. एवढंच आहे ते."

"आणि तो असाच राहिला तर? कधी पश्चात्तापच झाला नाही त्याला?"

"ती अट मी घातली नव्हती," एस्तीर म्हणाली. "तुम्हीच सांगता ना, आपल्यालाही कोणी घातली नव्हती. मान खाली करा, पाणी आलं."

वर्षं गेली. घत्तासच्या मिशा पांढऱ्या झाल्या, बंदूक मांडीवरच होती. मग एका उन्हाळ्यात डोंगरातल्या मठाची जत्रा आली. त्या दिवशी सगळं गाव गाड्या भरभरून मठाकडे जातं. कोंबड्यासुद्धा कंटाळतात अशी गल्ली ओस पडते. घत्तास तेवढा जात नसे. रक्त घेईपर्यंत जत्रा पाहणार नाही, असं तो बोलून बसला होता.

त्या सकाळी एस्तीर उठू शकली नाही. दोन दिवस ताप अंगात होता, तो तिने कोणाला सांगितला नव्हता. आता छातीत काहीतरी घट्ट आवळल्यासारखं झालं होतं, श्वास अर्ध्यावरच संपत होता. फखरी उंबऱ्याशी वाट बघत असेल, हे तिला कळत होतं. पाय खाली सोडायचा, हे डोकं सांगत होतं आणि पाय ऐकत नव्हते.

बऱ्याच वेळाने गच्चीवर धप्प आवाज झाला. जिन्यावरून फखरी कुरकुरत उतरला. "परगावचे दोघं दाढीला येणारेत आणि ही म्हातारी..." मग त्याने तिला पाहिलं.

त्या घरात त्याने पहिल्यांदा पाय ठेवला होता. कोपऱ्यात वनीसची काठी टेकवलेली होती, नाचाची.

"पाणी देऊ?"

एस्तीरने मान हलवली. पाणी खाली उतरलं नाही, उशीवर सांडलं. तिच्या घशातून निघणारा आवाज ऐकून फखरीने शफीकाला हाक मारली. मग दुसऱ्या घराला, तिसऱ्या घराला. सगळे मठात. तो दाराशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

"गाडी त्याच्याकडेच आहे," तो म्हणाला, तिच्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

"जाऊ नकोस," एस्तीर म्हणाली. शब्द येता येता मध्येच श्वास घ्यावा लागला. "मी नाही... तुझ्याबरोबर."

"गप पड."

"फखरी, तो वाटच... बघतोय."

"माहीत आहे मला. मी काय आंधळा आहे?" त्याने पांघरूण तिच्या अंगावर ओढलं. "आयुष्यभर बडबडतेस, आज तरी गप पड."

आणि तो गेला. एस्तीरने मान वळवली. खिडकीच्या गजांतून गल्लीचा तेवढाच तुकडा दिसायचा: ओटा, आणि ओट्यावर घत्तास. फखरी त्या तुकड्यात आला, एकटा, दोन्ही बाजूंना कोणी नाही. तिला उठायचं होतं. अंग दगडाखाली सापडल्यासारखं जागचं हललं नाही. तिने ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा आली. तिच्या आयुष्यात ती इतकी कोंडली कधीच नव्हती. आतापर्यंत निदान उठून मध्ये उभं राहता येत होतं.

घत्तास उठला. बंदूक हातात आली. गल्लीत माणूस नाही, साक्षीला कुत्रं नाही. इतक्या वर्षांनी देवाने वाढलेलं ताट समोर होतं.

फखरी चालत राहिला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"ती कुठाय?" घत्तासने विचारलं.

"पडलीय. श्वास घेता येत नाहीये तिला. गाडी काढ."

"आणि तू एकटा आलास."

"गावात कोणी नाही." फखरीचा आवाज फुटला. "मला नंतर मार. नंतर इथेच येऊन उभा राहतो, वनीसची शपथ. आधी गाडी काढ."

वनीसचं नाव त्याने पहिल्यांदा घेतलं होतं. ते एस्तीरने ऐकलं, आणि घत्तासनेही. खिडकीतून एस्तीरला दोघांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या, एक ताठ आणि एक वाकलेली, आणि कोणती कोणाची हे तापात नीट कळत नव्हतं.

मग घत्तासने बंदूक ओट्यावर ठेवली. भिंतीला टेकवून, नीट, घसरणार नाही अशी. "पायांकडून तू धर," तो म्हणाला. "ती जड आहे."

दोघं आत आले. घत्तास त्या खोलीत शेवटचा आला होता तो कबुतरखान्यामागे बसायला जाताना. त्याने एस्तीरच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "एवढा ताप आहे, सांगायला काय झालं होतं? मी काय मेलो होतो?"

"तुम्ही बोलत नव्हतात ना, भाऊजी," एस्तीर म्हणाली.

त्यांनी तिला पांघरुणासकट उचललं आणि गाडीत घातलं. मागे उसाचं पाचट होतं, म्हणून पुढेच. पुढची बैठक दोघांची, त्यात तिघं. इकडे घत्तास, तिकडे फखरी, मध्ये एस्तीर, दोघांच्या खांद्यांत इतकी घट्ट आवळलेली की पडायची सोय नव्हती. एकाच्या कपड्यांना सिगारेटचा वास, दुसऱ्याच्या साबणाचा. तिने डोळे मिटले. पुढचं सोहाग शहरातलं इस्पितळ आणि नळ्या आणि अबूनांनी तिच्या उशाशी काढलेले दिवस हे सगळं व्हायचं होतं, आणि ती त्यातून उठणारही होती. ते दोघं मात्र एकमेकांशी कधीच धड बोलायला शिकणार नव्हते.

घत्तासने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि सुरू झाली.

"ते दार आपट," तो समोर बघत म्हणाला. "नुसतं ओढून लागत नाही."

फखरीने आपटलं.

"लागलं नाही. अजून जोरात."